ॲडव्हेंचर रेस करायचीय? मग आधी उभं राहणं कमी करा

पहिल्या रेसनंतर घरी आलो, पाय गरम पाण्याच्या बादलीत टाकले आणि घड्याळातला रेकॉर्ड उघडला. (जीपीएसवालं घड्याळ आयोजकांनी पिशवीत सील करून बॅगेत टाकायला लावलेलं, पण रेकॉर्डिंग आत चालू होतं.) एकूण वेळ सात तास चाळीस मिनिटं, त्यातले एक तास पन्नास मिनिटं आम्ही नुसते उभे! कोणी पडलं नव्हतं, कोणाला लागलं नव्हतं, चौघं झाडाखाली उभं राहून "इकडून की तिकडून" करतोय, नाहीतर एक जण बॅगेत पंप शोधतोय आणि तिघं त्याच्याकडे बघतायत. आणि तयारी कसली केलेली आम्ही? पळायची. तीन महिने पाम बीच रोडवर पहाटे पाचला पळालो, येऊरचा चढ सायकलने मारला, वजनं कमी केली, स्टेटस टाकले. पळून पळून जी दहा मिनिटं वाचवली ती एका खिंडीत भांडण्यात घालवली. म्हणून हे सगळं लिहितोय, ठाणे-नवी मुंबईतल्या ज्या कोणाला हा प्रकार करून बघायचाय त्यांच्यासाठी.

आधी हा प्रकार काय ते थोडक्यात. ॲडव्हेंचर रेसमध्ये डोंगरात चालणं-पळणं, एमटीबी म्हणजे डोंगरातली जाड टायरची सायकल आणि पाण्यात कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) किंवा राफ्ट असतं, कधीकधी रॅपलिंगसारखं, म्हणजे दोरीवरून कडा उतरण्यासारखं, दोरीचं काम पण असतं. मॅरेथॉनसारख्या खुणा लावलेला रस्ता नसतो. हातात नकाशा देतात, त्यावर चेकपॉइंट असतात, ते शोधत जायचं, वाट तुमची तुम्ही ठरवायची, जीपीएस बंद. आणि टीम शेवटपर्यंत एकत्र पाहिजे, बऱ्याच रेसमध्ये ५० किंवा १०० मीटरच्या आत राहायचा नियमच असतो. वेळ धरतात ती शेवटच्या माणसाची. जगभरात मोठ्या रेसना चार जणांची मिक्स टीम असते, म्हणजे चौघांत किमान एक बाई आणि किमान एक पुरुष पाहिजेच, पण छोट्या रेसना दोघं-तिघं पण चालतात. पुण्याकडची एन्ड्युरो ३ तिघांच्या टीमची. लांबी म्हणाल तर चार-सहा तासांच्या स्प्रिंटपासून आठ-दहा दिवसांपर्यंत काहीही. १९८९ ला न्यूझीलंडमध्ये रेड गॉलवाझ नावाची रेस झाली तेव्हापासून ही लांबलचक टीम-रेसची पद्धत जोरात सुरू झाली, आणि २०१९ च्या फिजीतल्या इको-चॅलेंज या रेसमध्ये आपल्याकडच्या ताशी आणि नुंगशी मलिक या एव्हरेस्टवाल्या जुळ्या बहिणींची टीम पण उतरली होती. ते सगळं टीव्हीवर बघायला भारी. आपण नोकरीवाली माणसं, आपल्याला चार ते आठ तासांवाली बास, सोमवारी ऐरोलीच्या ऑफिसात लॉगिन करायचं असतं.

टीम कशी जमवायची यावर लोक फार चुकतात. सोसायटीतला सगळ्यात फास्ट माणूस घेतात. आम्ही पण घेतलेला एक, हाफ मॅरेथॉन पावणेदोन तासात मारणारा, माणूस चांगला पण तो कायम दोनशे मीटर पुढे आणि तिथून वळून असा बघायचा की मागच्यांचे पाय अजूनच जड. दोन सरावांत राम राम झाला. फास्ट माणूस नको, ज्याचे शनिवार-रविवार तुमच्यासारखेच मोकळे आहेत आणि जो भूक लागल्यावर पण माणसात राहतो असा बघा. आता आमच्या टीममध्ये मी, एक बँकवाला, माझी मावसबहीण आणि आमच्याच बिल्डिंगमधला इंजिनीअरिंगचा पोरगा. चौघांचा चालायचा स्पीड साधारण सारखा, हे सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्याच मीटिंगला, म्हणजे टपरीवर चहा पिताना, एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्या की आपण पूर्ण करायला जातोय की नंबर काढायला. चौघांपैकी एकाच्या डोक्यात ट्रॉफी आणि तिघांच्या डोक्यात पिकनिक असेल तर रेसमध्ये चौथ्या तासाला वाट लागते.

मग कामं वाटा. आमच्यात मावसबहीण नकाशा बघते, पोरगा तिच्या मागे राहून तिचं बरोबर आहे का ते तपासतो, बँकवाला घड्याळ आणि खाणं, मी सायकलचा मेकॅनिक. नकाशा एकाच्याच हातात. चौघांनी नकाशात डोकं घातलं की चार मतं आणि वेग शून्य, आमची पहिल्या रेसमधली उभं राहायची निम्मी मिनिटं तिथेच गेली. शंका असेल तर फक्त तपासणाऱ्याने बोलायचं, बाकी दोघांनी तेवढ्या वेळात खाऊन घ्यायचं.

दुसरी गोष्ट आम्ही फार उशिरा शिकलो. पहिल्या रेसमध्ये बहिणीच्या पोटरीत गोळे येत होते आणि ती एक तास बोललीच नाही, म्हणे टीमला त्रास नको. शेवटी बसलीच खाली, मग वीस मिनिटं गेली. आता दर अर्ध्या तासाला बँकवाला ओरडतो "नंबर!" आणि प्रत्येकाने एक ते दहात आपली अवस्था सांगायची. पाचच्या खाली कोणी गेलं की त्याची बॅग काढून घ्यायची, विचारत बसायचं नाही. बॅग दिली म्हणून कमीपणा वाटून घ्यायचा नाही, तासाभराने तुमच्यावर पण तीच वेळ येणार आहे. चढावर ओढायला आम्ही सायकलची जुनी ट्यूब वापरतो, व्हॉल्व्हची बाजू कापून टाकायची, एक टोक पुढच्याच्या बॅगेच्या पट्ट्याला, दुसऱ्या टोकाला गाठ मारून ती मागच्याने हातात धरायची. कमरेला बांधायची नाही हं, पडला तर दोघं जातील. ट्यूब ताणली जाते म्हणून हिसका बसत नाही आणि खरं सांगू का, ओढ फार नसते, पण मागच्याच्या डोक्यातलं ओझं उतरतं.

आता नकाशा. इथे मी जास्त वेळ घेणार कारण रेस इथेच होते.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर १:५०,००० चे ओपन सिरीज नकाशे फुकट डाउनलोड होतात. त्यात २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर, आणि दोन कंटूर रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) उंचीचा फरक २० मीटर. आपल्या भागाची शीट कलरमध्ये प्रिंट काढा आणि आधी घरी बसून ओळखीचे डोंगर त्यात शोधा. रेषा गच्च जवळ आल्या की कडा. रेषांचं टोक उंच भागाकडे घुसलंय तिथे घळ किंवा ओढा, आणि टोक उताराकडे बाहेर आलंय ती डोंगराची सोंड. दोन बंद गोलांच्या मधली कंबर म्हणजे खिंड. ट्रेकवाल्यांना हे शब्द पाठ असतात, फक्त ते कागदावर कसे दिसतात ते डोळ्यात बसायला दोन-तीन महिने लागतात. आणि एक लक्षात ठेवा, २० मीटरच्या आतला कातळटप्पा या नकाशात येईलच असं नाही. कागदावर मऊ दिसणाऱ्या उतारावर तुमच्यासमोर पंधरा मीटरची सरळ भिंत उभी राहू शकते. शिवाय सर्व्हेनंतर बरंच बदललेलं असतं, पारसिकच्या डोंगराला तर खाणींनी कुठून कुठून खाल्लंय.

कंपास साधा, पारदर्शक पट्टीवाला घ्या. आपल्याकडे एक सोय आहे, चुंबकाची उत्तर आणि नकाशाची उत्तर यात मुंबईच्या भागात एक अंशाचा पण फरक नाही, त्यामुळे बाहेरच्या व्हिडिओत ते अंश मिळवा-वजा करा सांगतात त्याचा लोड घ्यायची गरज नाही. सगळ्यात पहिली सवय म्हणजे नकाशा कायम उत्तरेला लावून धरणं. तुम्ही वळलात तरी नकाशा वळवायचा नाही, तुम्ही नकाशाभोवती फिरायचं, अक्षरं उलटी दिसली तर दिसू देत. आणि अंगठा कायम आपण आहोत तिथे ठेवायचा, चालत जाल तसा सरकवायचा. हे इतकं सोपं वाटतं की कोणी करत नाही, मग पाणी प्यायला थांबतात आणि परत नकाशा उघडल्यावर "आपण नक्की कुठे होतो?"

चेकपॉइंटकडे सरळ नेम धरून जाऊ नका. समजा ओढ्याच्या काठावर चेकपॉइंट आहे आणि तुम्ही थेट त्याच्यावर बेअरिंग घेऊन, म्हणजे कंपासवर त्याची दिशा धरून गेलात. ओढ्याला पोचलात, चेकपॉइंट दिसत नाही, आता तो डावीकडे की उजवीकडे? म्हणून मुद्दाम शंभर मीटर डावीकडे चुकून जायचं, ओढा लागला की डोळे झाकून उजवीकडे वळायचं. तसंच निघायच्या आधी ठरवून घ्यायचं की काय दिसलं म्हणजे आपण पुढे गेलो. "विजेची लाइन ओलांडली तर जास्त झालं, मागे फिरा." हे आधी बोललेलं असेल तर भांडण होत नाही.

अंतर मोजायला पावलं. ४०० मीटरच्या कुठल्याही ट्रॅकवर जाऊन मोजा, डावा पाय टेकला की एक, माझे १०० मीटरला ६५ होतात, चढावर ८० च्या पुढे जातात. वेळेसाठी नेस्मिथचा हिशोब, स्कॉटलंडमधल्या त्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला, अजून चालतो: ताशी ५ किलोमीटर, आणि ६०० मीटर चढाला एक तास जास्त. म्हणजे ४ किलोमीटर वाट आणि ३०० मीटर चढ असेल तर ४८ अधिक ३०, अठ्ठ्याहत्तर मिनिटं. कारवीच्या रानात घुसलात तर यात अजून निम्मा वेळ घाला. हिशोबापेक्षा दहा मिनिटं जास्त झाली आणि अपेक्षित जागा आली नाही तर आम्ही थांबतो आणि शेवटच्या खात्रीच्या जागी परत जातो. हा नियम एका ढोरवाटेने शिकवला. मस्त मळलेली वाट होती, वाटलं हीच, अर्धा तास खाली उतरलो आणि वाट चार फांद्यांत फुटून करवंदीच्या जाळ्यात संपली. गुरं चरायला येतात तिथपर्यंतच वाट होती हो, त्यांना कुठे खिंडीत जायचंय.

आणि वाटेत वाडीतले मामा-मावशी भेटले, विचारायला नियमात परवानगी असली, तर "मामा, ही वाट खिंडीत जाते ना?" असं विचारायचं नाही. मामा भले माणूस, "जाते की" म्हणणार, तुमचं मन कशाला मोडा. "मामा, खिंडीत जायचं तर कुठून जाऊ?" असं विचारा आणि त्यांचा हात कुठे वळतो ते बघा.

सराव कुठे करायचा? सुरुवात खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये करा, हसू नका. एकाने सकाळी जाऊन दहा जागांवर खडूने आकडे लिहून यायचे, बाकीच्यांनी नकाशावरून शोधायचे, हरवायची भीती नाही. नंतर खारघरचा डोंगर, चाफेवाडी-फणसवाडीकडचा भाग, मग कर्नाळा-प्रबळगडाच्या बाजूचे ट्रेक, जिथे खरोखर सोंड आणि घळ यातला फरक पायांना कळतो. पावसाळ्यात मात्र नाही. पांडवकड्याच्या धबधब्याकडे तर बंदीच असते, आणि जुलै २०२३ ला इर्शाळवाडीवर दरड कोसळली ते सगळ्यांना आठवत असेलच. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तिथे रस्ता सोडून जंगलात घुसणं बेकायदा आहे आणि बिबट्याच्या घरात नकाशा घेऊन फिरण्यात काय मजा. तिथे फक्त सायकलचा चढ मारा आणि खाली येऊन उपवनला चहा प्या.

सायकल महागडी नको पण एमटीबी पाहिजे, पुढचा-मागचा ब्रेक चांगला पाहिजे आणि पंक्चर स्वतःला काढता आलं पाहिजे. ते पण अंधारात, हेडलँप लावून. मी घरातले लाइट बंद करून सराव केला, बायको म्हणाली आता हेच बाकी होतं. ट्यूब बदलायची, टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा (हे विसरलात तर नवीन ट्यूब पण पाच मिनिटांत फुस्स), तुटलेली चेन क्विक लिंकने जोडायची. इतकं आलं की बास. घोडबंदर रोडला दिवसा सरावाला जाऊ नका, कंटेनरवाल्यांना तुम्ही दिसत नाही. आणि सायकल खांद्यावर घेऊन चढ चढायचा सराव करा, कारण रेसमध्ये सायकल तुमच्यावर बसते असे बरेच प्रसंग येतात.

पाण्याचं म्हणाल तर ठाण्याची तलावपाळी आहे, पण तिथे पॅडल बोट फिरवणं म्हणजे सराव नाही, ती डेट आहे. कोलाडला कुंडलिकेवर जा, तिथे राफ्टिंग सकाळी असतं कारण वीजनिर्मितीसाठी धरणाचं पाणी सोडतात त्यावर नदी चालते, आणि कयाक शिकवणारे पण मिळतात. दोघांच्या कयाकमध्ये पुढचा ताल देतो, मागचा दिशा सांभाळतो, त्यामुळे जड आणि शांत माणूस मागे. आम्ही उलटं बसलेलो, गोल गोल फिरत होतो, काठावरची पोरं मोजत होती किती चकरा. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावायचे आणि मुद्दाम एकदा उलटून बघायचं, पोहता येत असेल तरी. दोरीचं काम तर क्लबकडूनच शिका, यूट्यूबवरून नको. नवी मुंबईत सोय नाही असं नका म्हणू, २०१६ आणि २०१७ ला चढाईचा, म्हणजे बोल्डरिंगचा, वर्ल्ड कप इथेच झालाय.

आता ट्रान्झिशन. पायी संपवून सायकलवर बसायचं ती जागा. पहिल्या रेसमध्ये आम्हाला तिथे चौदा मिनिटं लागली. काय केलं चौदा मिनिटं? पोरगा हेल्मेट शोधत होता ते बँकवाल्याच्या बॅगेत, पंप माझ्याकडे पण व्हॉल्व्हचा ॲडॅप्टर बहिणीच्या पाउचमध्ये, आणि बँकवाला मोजे बदलत होता, नीट, एक एक बोट पुसून, जसं काय सत्यनारायणाला बसायचंय. घरी आल्यावर आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव केला. प्रत्येकाचा एक झाकणवाला प्लास्टिकचा डबा, त्यात सगळ्यात वर ते जे सगळ्यात आधी लागणार, हेल्मेटमध्ये ग्लोव्हज आणि ग्लोव्हजमध्ये खाऊ. झाकणाच्या आतून मार्करने लिहिलेलं: बूट, हेल्मेट, पाणी, खाणं, निघा. वॉचमन काका टाइम लावून बसायचे आणि "साहेब, मागच्या वेळेपेक्षा जास्त झाला" असं पण ऐकवायचे. सहाव्या रविवारी साडेचार मिनिटांवर आलो. ताशी अर्धा किलोमीटर वेग वाढवायला जितका घाम गाळावा लागतो त्यापुढे हे काहीच नाही.

खाण्याचं गणित: तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, भूक लागायच्या आधी. एनर्जी जेल विकत घ्या पाहिजे तर, पण चार तासांनंतर गोड बघवत नाही. आमच्याकडे तिखट-मिठाच्या पुऱ्या, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खजूर, राजगिऱ्याचा लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की चालते. चॉकलेट आणू नका, वितळून खिशात खीर होते. खाऊ बॅगेत नाही तर छातीवरच्या पाउचमध्ये, नाहीतर परत थांबणं आलं. आपल्या दमट हवेत घाम इतका जातो की नुसतं पाणीच पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम खाली येऊन चक्कर, उलट्या होतात, प्रकरण धोक्यात पण जाऊ शकतं. ओआरएस ठेवा, पाकीट एका लिटरचं असेल तर पूर्ण एका लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत घट्ट करून नाही. पायांसाठी: नखं तीन-चार दिवस आधी कापा, बोटांमध्ये व्हॅसलीन, आणि कुठे गरम लागायला लागलं की तिथेच थांबून टेप लावा. उभं राहायला परवानगी असलेली ही एकमेव जागा. नवे बूट रेसला घालणाऱ्याला आम्ही टीममध्ये घेत नाही.

सक्तीच्या सामानाची यादी आयोजक देतात, त्यातलं काही कमी असलं तर वेळ कापतात किंवा सोडतच नाहीत. हेडलँप, फर्स्ट एड, फॉइलचं ब्लँकेट, शिट्टी. शिट्टीचा संकेत चौघांनाही माहीत पाहिजे, मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून परत सहा.

आदल्या रात्री किंवा निघायच्या तासभर आधी नकाशा मिळतो, तेव्हा घाईत हायलायटर काढू नका. आधी सगळे चेकपॉइंट नकाशावर नीट लावा (कधीकधी जागेचे नुसते आकडे देतात), दुसऱ्याने ते आकडे तपासायचे, मग वाट ठरवा. काही रेसमध्ये सगळे चेकपॉइंट घ्यायचे नसतात, ठरलेल्या वेळात जमतील तितके, आणि उशीर झाला तर मिनिटाला पॉइंट कापतात, तिथे कुठला सोडायचा हे आदल्या रात्रीच ठरलेलं बरं, दमल्यावर माणूस हट्टाला पेटतो. नकाशा घडी घालून जाड पारदर्शक पिशवीत टाका, घामाने पण कागदाचा लगदा होतो. सायकली न्यायला छोटा टेम्पो तीन-चार टीमनी मिळून केला की परवडतो, आणि मधे जुन्या गाद्या टाका नाहीतर गिअरचा डिरेलर वाकून रेस तिथेच संपेल.

दुसऱ्या रेसला आमचा उभं राहायचा वेळ छत्तीस मिनिटांवर आला. त्यातली अकरा मिनिटं एका चेकपॉइंटशेजारी गाडीवर गरम भजी तळत होते त्याची आहेत, ती आम्ही हिशोबात धरत नाही.